अंजनेरीवरचं कंदीलफूल खरंच संपत चाललंय का? आणि एखादा कंद घरी आणून लावला तर?

सायकलवाला_पंचवटी
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गणपती विसर्जन झाल्यावरच्या रविवारी आम्ही ऑफिसचे पाच जण नाशिकजवळच्या अंजनेरी गडावर गेलो होतो. पाऊस उघडलेला, ढग खाली, मस्त वातावरण. पहिल्या सपाटीवर अंजनीमातेच्या देवळाजवळ डबा खाल्ला आणि मग तळ्याच्या अलीकडे वाट सोडून जरा गवतात शिरलो (हो माहितीय, शिरायला नको होतं, पुढे वाचा) तर गुडघाभर गवतात एक सरळ उभं रोपटं आणि त्याला ती नळीसारखी, वरून बंद छत्रीसारखी दिसणारी फुलं. आधी मला वाटलं कुणीतरी प्लास्टिकचं काहीतरी टाकलंय इतकं ते विचित्र दिसत होतं. फोटो काढले, रंग नीट आले नाहीत कारण मोबाईलच्या लेन्सवर पाणी.

खाली उतरताना एक मावशी गवताचा भारा घेऊन चालल्या होत्या, त्यांना फोटो दाखवला तर म्हणाल्या "ही खर्चुडी, हिचा कंद लहानपणी आम्ही खायचो". घरी आल्यावर फेसबुकवर टाकला फोटो तर एकाने लिहिलं की हे सेरोपेजिया अंजनेरिका आहे, म्हणजे कंदीलफुलाची एक जात, जगात दुसरीकडे कुठे नाही, क्रिटिकली एन्डेंजर्ड म्हणजे नामशेष व्हायच्या काठावर आहे, आणि दुसऱ्याने मला जवळजवळ शिव्याच घातल्या की लोकेशन का टाकलं.

आता माझे प्रश्न असे की

एक, हे एन्डेंजर्ड वगैरे नक्की ठरवतं कोण? कारण मी बघितलं तिथे एकाच तुकड्यात तीस-चाळीस रोपं तरी असतील. इतकी असताना "अतिदुर्मिळ" कसं काय? पेपरवाले उगाच वाढवून लिहितात असं तर नाही ना?

दोन, जर खरंच संपत चाललं असेल तर पुढच्या पावसात एखादा कंद आणून गच्चीवर कुंडीत लावला तर चालेल का? बायकोचा हात झाडांना चांगला आहे, तिने ब्रह्मकमळ पण फुलवलंय. म्हणजे निदान एक तरी वाचेल अशी भावना आहे, चोरायची वगैरे नाही.

रानहळद
दादा आधी ती पोस्ट डिलीट करा, मग बाकीचं बोलू. आणि कंद आणायचा विचार मनातून काढून टाका, कृपया.

खवय्या_सिडको
ब्रह्मकमळ म्हणजे ते निवडुंगाच्या जातीचं ना रात्री फुलणारं? ते पान खोचलं तरी येतं हो, त्याचं काय कौतुक 😄 खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं. सॉरी विषयांतर झालं.

सड्यावरची
मी कोल्हापूरला बॉटनीत एमएस्सी केलंय आणि कंदीलफुलांच्या मागे बरीच वणवण केलीय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर पुढे सरका.

आधी ओळख. सेरोपेजिया हे नाव लिनियसने दिलेलं, ग्रीकमध्ये मेणाचं कारंजं असा काहीसा अर्थ, म्हणजे त्याला बिचाऱ्याला मेणबत्त्यांचं झुंबर दिसलं आणि आपल्या लोकांना कंदील दिसला, दोघांचं चुकलं नाही. भारतात साठच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा फक्त सह्याद्रीच्या. काही वेली आहेत, काही तुम्हाला दिसलं तशा सरळ उभ्या. या उभ्या गटात फोटोवरून छातीठोक नाव सांगणं धोक्याचं असतं, कारण खरी ओळख फुलाच्या आत असते, नळी उघडून आतल्या मुकुटाची ठेवण बघावी लागते. पण जागा, उंची आणि महिना बघता तुमचं अंजनेरिका असायची शक्यता खूप आहे. ही जात २००६ मध्ये शिवाजी विद्यापीठाच्या डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्यू बुलेटिनमध्ये (लंडनच्या क्यू बागेची शोधपत्रिका) प्रसिद्ध केली, आणि नाव डोंगरावरूनच ठेवलं. म्हणजे विचार करा, ज्या गडावर शेकडो वर्षं लोक देवदर्शनाला चढतायत, जिथून नाशिक इतकं जवळ, तिथलं एक फूल शास्त्राच्या वहीत यायला २००६ उजाडलं.

आता तीस-चाळीस रोपं दिसली म्हणून दुर्मिळ नाही, ही गल्लत सगळेच करतात. लग्नाच्या मांडवात उभं राहून कुणी म्हणालं की आमच्या आडनावाची माणसं काय कमी आहेत, दोनशे तर इथेच बसलीयत, तर कसं वाटेल? अहो सगळी तिथेच बसलीयत. कंदीलफुलांचं तसंच, जिथे माती, ओल, उतार आणि माशी सगळं जुळलं तिथे दाटीने येतात आणि पन्नास पावलांवर एकही नसतं.

स्टेटस कोण ठरवतं तर याची तीन वेगवेगळी उत्तरं आहेत आणि पेपरात ती एकत्र कालवली जातात. पहिलं म्हणजे आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची जागतिक रेड लिस्ट, धोक्यातल्या जातींची यादी. दुसरं, नवीन जात शोधणारे लोक आपल्या शोधनिबंधात आययूसीएनचे निकष लावून स्वतः एक वर्ग सुचवतात, तो सुचवलेला असतो, यादीत चढलेला असेलच असं नाही. तिसरं, आपल्या बॉटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं रेड डेटा बुक, तीन खंड, १९८७ ते १९९० मध्ये आलेले. त्यात कंदीलफुलांच्या जाती आहेत, पण ते वर्ग जुन्या पद्धतीचे होते, आकड्यांचे निकष नव्हते, तज्ज्ञ माणसाने अनुभवावरून ठरवायचं. आकड्यांची पद्धत १९९४ पासून आली आणि २००१ मध्ये सुधारली. त्यामुळे १९८७ चं एन्डेंजर्ड आणि आजचं एन्डेंजर्ड हे एकच शब्द असले तरी एकच माप नाही.

आणि माप काय आहे ते बघा, मजा येईल. एखादी जात एका डोंगरावरच आहे असं धरा. पसारा मोजताना नकाशावर दोन बाय दोन किलोमीटरच्या चौकटी आखतात आणि ज्या चौकटीत एक जरी रोप सापडलं ती अख्खी धरतात, म्हणजे एका चौकटीचे चार चौरस किलोमीटर. क्रिटिकलसाठी ही बेरीज दहा चौ. किमी.च्या आत पाहिजे. अंजनेरीचं संवर्धन राखीव क्षेत्रच ५.६९ चौ. किमी. आहे, त्यामुळे तिथल्या एक-दोन चौकटींतच सापडणारी जात या परीक्षेत तर पास. पण नुसता पसारा कमी म्हणून क्रिटिकल मिळत नाही!! त्याच्या जोडीला अजून दोन गोष्टी दाखवाव्या लागतात, बहुतेक वेळा या, एक तर सगळी रोपं एकाच "लोकेशन"ला असणं किंवा तुकडे तुकडे झालेली असणं, आणि दुसरं म्हणजे चालू असलेली घसरण. लोकेशनचा अर्थ पण आपल्याला वाटतो तो नाही, एकाच संकटाने जेवढी रोपं एका झटक्यात जाऊ शकतात ते सगळं मिळून एक लोकेशन. म्हणजे तळ्याजवळ एक तुकडा आणि वरच्या सपाटीवर एक तुकडा असला तरी एकच रस्ता दोन्हीकडून जाणार असेल तर लोकेशन एकच.

घसरण नसेल, सगळं ठीकठाक चाललं असेल, तर तीच एका डोंगराची जात सहसा फक्त "व्हल्नरेबल" ठरते, म्हणजे क्रिटिकलच्या दोन पायऱ्या खाली, आणि तेसुद्धा उद्या काहीतरी वाईट होण्याची खरीखुरी शक्यता असेल तर. म्हणून एखाद्या जातीचं स्टेटस बघाल तेव्हा नुसता वर्ग वाचू नका, पुढे जी अक्षरं आणि आकडे असतात ना बी-वन, बी-टू, डी-टू वगैरे, खरी गोष्ट तिथे असते. बी असेल तर पसारा कमी आणि घसरतोय, नुसता डी असेल तर रोपंच मुळात मूठभर, डी-टू असेल तर जागाच मूठभर. पन्नासपेक्षा कमी प्रौढ रोपं उरली की डी खाली थेट क्रिटिकल. आणि प्रौढ म्हणजे फुलणारं, नुसती पानं आलेलं रोप मोजत नाहीत.

दुसरा प्रश्न कुंडीचा. त्यावर रात्री लिहिते, आत्ता लेकीचा डबा भरायचाय.

सायकलवाला_पंचवटी
बापरे, धन्यवाद, इतकं कुणी सांगितलं नव्हतं. पोस्ट काढली आहे. पण एक सांगा, लोकेशन लिहिल्याने असं काय होतं? आमच्यासारखे दोन-चार जण बघायला जातील एवढंच ना.

रानहळद
दोन-चार नाही जात हो. मी एकदा एका ऑर्किडचा फोटो गावाच्या नावासकट टाकला होता, पुढच्या रविवारी तिथे बारा बाइक उभ्या. सगळे हौशी फोटोग्राफर, सगळे चांगले लोक, कुणी एक पान तोडलं नाही. पण एका फुलाचा फोटो काढायला आडवं झोपावं लागतं, आणि झोपलेल्या माणसाच्या खाली किती रोपं गेली हे कुणी बघत नाही, त्यांना अजून फूल आलेलं नसतं ना. शेजारचं गवत "फ्रेममध्ये येतंय" म्हणून उपटणारे तर वेगळेच.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका हवं तर, तिथे धोक्यातल्या जातींचं लोकेशन आपोआप धूसर करतात, साधारण वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दाखवतात, आणि खरं लोकेशन अभ्यासकांना गरज लागली तर तुम्ही देऊ शकता. फेसबुकवर मात्र "अंजनेरी, तळ्याच्या अलीकडे डाव्या हाताला" असं लिहिलं की झालं.

त्र्यंबककर
मी त्याच बाजूचा. लहानपण सगळं त्या डोंगरांखाली गेलं, आता नोकरीला अंबडला आहे. मावशी बोलल्या ते बरोबर आहे, खर्चुडीचा कंद आम्ही पण खाल्लाय, गुरं घेऊन गेलं की पोरं काय करणार, काठीने उकरायचं, पुसायचं आणि खायचं, पाणीदार लागतो, भूक भागते. कोणती खर्चुडी ते आम्हाला कुठे माहीत, सगळ्यांना एकच नाव, वेलीची काय आणि उभी काय. कुठे हमण पण म्हणतात.

पण म्हणून "आदिवासी कंद खाऊन संपवतात" असं कुणी लिहिलं की डोकं फिरतं माझं. आमचे आजोबा-पणजोबा खात होते तरी ते फूल २००६ पर्यंत टिकलंच ना, ताईंनीच लिहिलंय. आता गुराखी पोरं उरलीयत किती? सगळी शाळेत नाहीतर सातपूरला कंपनीत. रानडुक्कर आणि साळिंदर उकरतात ते वेगळं. बदललंय काय तर शनिवार-रविवारची गर्दी. हनुमान जयंतीला पूर्वीपासून गर्दी असायची, पण ती चैत्रात, तेव्हा खर्चुडी जमिनीखाली झोपलेली, वरून हत्ती गेला तरी तिला काही नाही. आता गर्दी असते जुलै ते सप्टेंबर. म्हणजे बरोब्बर तिच्या फुलायच्या वेळेला. हा फरक कुणी लक्षात घेत नाही.

सड्यावरची
त्र्यंबककर दादांनी लाखातलं एक सांगितलं, हे माझ्या एमएस्सीच्या नोट्समध्ये नव्हतं. खरंच, वर्षातले सात-आठ महिने हे झाड म्हणजे मातीखालचा एक कंद, बाकी काही नाही. जूनच्या पावसाने कोंब, ऑगस्ट-सप्टेंबरात फूल, दिवाळीच्या आगेमागे शेंग, आणि मग वरचं सगळं वाळून जातं. त्या चार महिन्यांत जे काय होईल ते होईल.

आता कुंडी. सायकलवाले दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं म्हणून नीट सांगते. त्या फुलाची नळी हा सापळा आहे, पण मारायचा नाही, अडकवायचा. वासाने बारीक माश्या येतात, आत शिरतात, नळीत खालच्या दिशेने केस असतात त्यामुळे आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. माशी आत फिरत राहते आणि परागांची पुडकी तिच्या तोंडाला चिकटतात. नंतर केस कोमेजतात, फूल कलतं, माशी सुटते आणि अक्कल न येता दुसऱ्या कंदिलात शिरते, तिथे ती पुडकी बरोब्बर खाचेत बसली तर फळ धरतं. आणि सगळं होऊनही बरीच फुलं तशीच गळून जातात. आता तुमच्या पंचवटीच्या गच्चीवर एक कंद, ती माशी नाही, शेजारी दुसरं रोप नाही. वहिनींचा हात कितीही चांगला असला तरी फूल येईल, बी येणार नाही, आणि डोंगरावरून मात्र एक फुलणारं रोप कमी झालं. वाचलं काहीच नाही, उलट वजाबाकी.

शिवाय ती वनखात्याची जमीन आहे, तिथून कंद उकरून आणणं बेकायदा आहे, ते वेगळंच. बागेत वाढवायचं काम व्हायला हवं आणि ते होतंय, आमच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलफुलांच्या जातींचा मोठा संग्रह आहे, टिश्यू कल्चरवर पण काम झालंय. पण ते नोंदी ठेवून, परवानगी घेऊन. आणि तिथे काम करणारे लोकच सगळ्यात आधी सांगतील की बागेतला संग्रह हा विमा आहे, घर डोंगरावरच आहे.

खवय्या_सिडको
एक भाबडा प्रश्न, इतकं सगळं आहे तर याला कायद्याने संरक्षण असेलच ना? म्हणजे वाघासारखं. तोडलं तर जेल.

सड्यावरची
इथेच तर गंमत आहे. आययूसीएनचं स्टेटस म्हणजे कायदा नाही, तो निदानाचा कागद आहे. डॉक्टरने कागदावर "सिरियस" लिहिलं म्हणून पेशंट आपोआप आयसीयूत जात नाही, कुणीतरी उचलून न्यावं लागतं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात वनस्पतींसाठी जे सहावं परिशिष्ट होतं त्यात अख्ख्या देशातून फक्त सहा नोंदी होत्या, बेडोमचा सायकस, निळी वॅन्डा, लाल वॅन्डा, कुठ, लेडीज स्लिपर ऑर्किड आणि घटपर्णी. वर्षानुवर्षं एवढंच. सह्याद्रीच्या सड्यावरचं, म्हणजे कातळी पठारावरचं, एकही कंदीलफूल त्यात नव्हतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर परिशिष्टांची मांडणी बदलली आणि वनस्पती तिसऱ्यात गेल्या. जैवविविधता कायदा २००२ मध्ये ३८ वं कलम आहे, त्याखाली केंद्र सरकार राज्याशी बोलून नामशेष होण्याच्या काठावरच्या जाती जाहीर करू शकतं आणि त्या गोळा करण्यावर बंदी घालू शकतं.

त्यामुळे प्रत्यक्षात अशा फुलाला जे काही संरक्षण मिळतं ते जागेमुळे मिळतं, नावामुळे नाही. अंजनेरी २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं, मुख्यतः तिथली गिधाडं आणि या वनस्पतींमुळे, हा खरा फायदा.

गवत्या
पण ताई राखीव क्षेत्र म्हणजे अभयारण्य नव्हे हे पण सांगा लोकांना. मी या विषयात थोडं काम केलंय म्हणून सांगतो. संवर्धन राखीव क्षेत्राला कायद्यातलं ३६-अ कलम लागतं आणि त्यात अभयारण्याची सगळी कलमं येत नाहीत, निवडक येतात. आग लावायला बंदी येते, विषारी पदार्थ टाकायला बंदी येते. पण अभयारण्यात ज्या २९ व्या कलमाने अधिवास मोडायला बंदी असते ते कलम त्या यादीत नाही. म्हणजे बोर्ड लागलाय म्हणून निश्चिंत होऊन झोपायचं नाही. मुळेगावच्या बाजूने वर रस्ता न्यायचा प्रस्ताव आला होता तो राखीव क्षेत्र झाल्यानंतरच आला होता ना? नाशिकच्या लोकांनी आरडाओरडा केला म्हणून तो विषय मागे पडला. मग ब्रह्मगिरी-अंजनेरी रोपवेचं सुरू झालं.

आणि मला माझं एक रडगाणं गायचंय. रस्ता, रोपवे यांना सगळे विरोध करतात कारण ते दिसतं. पण गवताळ सड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान "चांगल्या" लोकांनी केलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. दुसऱ्या एका डोंगरावरची गोष्ट, नाव सांगत नाही. एक संस्था पावसाळ्याच्या तोंडावर बसेस भरून माणसं घेऊन आली, टी-शर्ट, बॅनर, फोटोग्राफर सगळं. सपाटीवर दीड-दीड फुटाचे खड्डे, ओळीने, शेकड्याने. झाडं लावली, भाषणं झाली, वडापाव झाला, गेले. जिथे खड्डे काढले तिथे वीतभर माती आणि खाली कातळ, झाडं काय जगणार, दुसऱ्या उन्हाळ्यात काड्या उरल्या. पण त्या वीतभर मातीत जे कंद होते, हबेनारियासारखी जमिनीवरची ऑर्किड, कंदीलफुलं, रानकांदे, ते सगळे वर येऊन वाळून गेले. मी त्यातल्या एका साहेबांना बोललो तर म्हणाले "अहो ओसाड माळ होता, आम्ही हिरवा करतोय". ओसाड!! सप्टेंबरात येऊन बघा म्हटलं, तर म्हणाले सप्टेंबरात आमचं ऑडिट असतं.

आपल्याकडे जिथे झाड नाही ते ओसाड हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय की गवत म्हणजे काहीच नसणं. सरकारी नकाशात पण बऱ्याच ठिकाणी गवताळ जमीन पडीक म्हणूनच रंगवतात.

रानहळद
+१००. खड्ड्यांचं अगदी खरं आहे. आमच्याकडे सीडबॉल टाकणारे पण येतात, गवतात. आंब्याच्या कोयी.

खवय्या_सिडको
मग उपाय काय, कुंपण घालून टाकायचं? कासला घातलं होतं ना.

गवत्या
कासचंच उदाहरण घ्या. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा झाला त्यात कास पण आलं, गर्दी वाढली, जाळीचं कुंपण आलं. गर्दी आवरली हे खरं, पण गुरं पण थांबली. गुरं थांबल्यावर दणकट उंच गवत वाढलं आणि बुटकी फुलं त्यात गुदमरायला लागली अशी स्थानिकांची आणि बऱ्याच अभ्यासकांची तक्रार होती, शेवटी काही वर्षांनी ते कुंपण काढलं. म्हणजे शेकडो वर्षं गुरं चरत होती तो त्या पठाराच्या संसाराचाच भाग होता. अति चराई वाईट, अजिबात नाही हे पण वाईट. किती बरोबर याचं उत्तर दर डोंगराला वेगळं आणि ते दर वर्षी रोपं मोजल्याशिवाय कळत नाही. मोजायला कुणी पैसे देत नाही, कुंपणाला देतात.

त्र्यंबककर
आमच्याकडे चराई आता तशीही कमीच झालीय. माझा मुद्दा वणव्याचा. उन्हाळ्यात गवत पेटवतात, काही जण पुढच्या वर्षी चारा चांगला येतो म्हणून, काही जण नुसतेच बिडी टाकून. कंद खाली असतो तो बहुतेक वाचतो असं मला वाटायचं, पण बी? बी तर वरच पडलेलं असतं गवतात, त्याला म्हातारीसारखा कापूस असतो, उडून कुठेतरी अडकतं. ते जळणारच. ताई बरोबर का?

सड्यावरची
बरोबर. आणि म्हणूनच नुसते कंद बघून "अजून आहेत की" म्हणणं फसवं असतं. जुने कंद वर्षानुवर्षं कोंब काढत राहतात, वरून सगळं आलबेल दिसतं, पण नवीन रोपं येतच नसतील तर ती वसाहत म्हातारी होत चाललेली असते. गावात घरं सगळी उभी पण बालवाडी बंद, तसं. मोजताना म्हणून बारीक रोपं वेगळी मोजायची असतात.

सायकलवाले दादा, तुम्ही बघितलेल्या तीस-चाळीसमध्ये फुललेली किती होती आणि बारकी पोरं, म्हणजे दोन-चार पानांची, किती होती, आठवतंय का?

सायकलवाला_पंचवटी
खरं सांगू का, मी फक्त फुलं बघितली. फोटो आत्ता झूम करून बघतोय. एकूण नऊ फोटो आहेत, त्यात वेगवेगळी अशी फुललेली अकरा-बारा दिसतायत. बाकी मी जी "रोपं" धरली होती त्यातली काही साधं गवत पण असू शकेल 🙈 तीस-चाळीस हा आकडा मी जरा जोशात लिहिला असं आता वाटतंय. आणि एका फोटोत कोपऱ्यात आमच्यातल्या एकाचा बूट आहे आणि बुटाखाली काहीतरी पानं दिसतायत. ती कशाची आहेत बघायची हिंमत होत नाहीये.

बायकोला सगळा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली तुला कुणी सांगितलं होतं मी कुंडीत लावणार म्हणून, मला तर पावसाळ्यात गोगलगायींनी वैताग आणलाय.

सड्यावरची
😄 वहिनींना नमस्कार. हे फोटो टाकू नका कुठे, पण जपून ठेवा आणि तारीख पुसू नका. नाशिकमध्ये या जातीवर काम करणारे लोक आहेत, वनखात्याच्या नाशिक कार्यालयात विचारलंत तर जोडून देतील. अकरा फुललेली, अमुक तारीख, अमुक जागा, एवढी एक ओळ पण त्यांच्या उपयोगाची असते, आणि दर वर्षी त्याच आठवड्यात, वाटेवरूनच, तोच तुकडा बघितलात तर अजून जास्त. दुर्बीण न्या, आत शिरायची गरज पडत नाही.

सायकलवाला_पंचवटी
वाटेवरूनच. कळलं. शेंगा बघायला दिवाळीत जाऊ का मग? ओळखायच्या कशा, वाळलेल्या गवतात?

त्र्यंबककर
दोन शेंगा जोडीने, बारीक, वर शिंगासारख्या उभ्या, एका देठातून व्ही काढल्यासारख्या. एकदा दिसली की मग दिसत राहते. भाऊबीजेनंतर आलात तर कळवा, मी पण सुट्टीला गावी असतो, सोबत येतो. पाठपिशवी चेन लावून आणा आणि प्रसाद हातात धरून पायऱ्या चढू नका, गेल्या वेळी माकडाने माझ्या मेहुण्याचा नारळ नेला आणि वर बसून आमच्याच डोक्यावर करवंटी टाकली.